चुकलेली तर

पावसाने लिस्बनला अगदी नको करून सोडलं होतं. प्रज्ञा छत्री सावरत धक्क्यावर पोचली, तेवढ्यात समोरच्या काठाला जाणारी बोट सुटलीच. पायरीवर उभी राहून, कुणी ऐकत नाही अशा खात्रीने ती स्वतःशीच पुटपुटली, "गेली तर!"

"जाऊ दे गो. दुसरी येल."

तिने दचकून मागे पाहिलं. पत्र्याच्या आडोशाला एक उंच, सावळा मुलगा उभा होता. केस भिजून कपाळाला चिकटलेले आणि चेहऱ्यावर असं हसू, की जणू घरचंच माणूस भेटलंय. परक्या देशात मराठी कानावर पडली की माणूस आधी विरघळतो आणि मग विचार करतो. प्रज्ञाचंही तसंच झालं. ती आडोशाला गेली, त्याने सरकून जागा दिली आणि तिच्या छत्रीचं आणि त्याच्या कपड्यांचं पाणी एकाच ओघळात मिसळून नदीकडे निघालं.

त्याचं नाव इनास. एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम करत होता. "मी कोर्लईचा," तो म्हणाला. "अलिबागच्या पुढं. खाडीच्या ह्या अंगाला आमी, त्या अंगाला रेवदंडा. ठाऊक हाय?"

ठाऊक? कोर्लईच्या दीपस्तंभाचा उजेड लहानपणी रोज रात्री तिच्या घराच्या मागच्या भिंतीवरून फिरून जायचा. त्या उजेडाची वाट बघत ती झोपायची.

"नाही," प्रज्ञा म्हणाली. "कुठे आलं ते? मी... मुंबईची."

आता ही मुलगी खोटारडी आहे असं कुणी समजू नये. तिला एक सवय लागली होती, आणि ती लावली होती लोकांनीच. कॉलेजसाठी ती मुंबईच्या होस्टेलवर गेली तेव्हा पहिल्याच दिवशी शेजारच्या पलंगावरच्या मुलीने विचारलं, गाव कुठलं? रेवदंडा. अय्या, मीपण तिथलीच, रेवदंड्यात कुठे? बौद्धवाडी. त्यावर ती मुलगी "अच्छा" म्हणाली. एवढंच. पण दुसऱ्या दिवसापासून तिचा लाडवांचा डबा प्रज्ञाच्या बाजूला सरकेनासा झाला. तेव्हापासून प्रज्ञा मुंबईची झाली. सुट्टीत घरी जाताना रिक्षात कुणी कॉलेजातलं असलं तर ती "बाजारात सोडा" म्हणायची आणि बॅग ओढत उरलेला रस्ता उन्हातून चालत जायची. लिस्बनला प्रयोगशाळेत नोकरी लागली, तर ते "मुंबई"ही तिने सामानाबरोबर आणलं.

दुसरी बोट आली. दोघं एकाच बाकावर बसले. आणि मग काय... रोज संध्याकाळी तिची बोट चुकायला लागली. कधी तिची, कधी त्याची, पण चुकायची मात्र खरी.

इनास बोलका होता. कोर्लईच्या गोष्टी तो अगदी तिखट-मीठ लावून सांगायचा. घरात बोलतात ती पोर्तुगीज वळणाची बोली, किल्ल्यावरची बोरं, बंदरातले नाखवे. प्रज्ञा हनुवटी हातावर टेकून "हो का?" म्हणत ऐकायची. एकदा त्याने रेवदंड्याच्या बाजारात पुलाकडून शिरताना डावीकडे मासळी बसते असं सांगितलं. उजवीकडे बसते! तिने जीभ अशी चावली की डोळ्यांत पाणी आलं.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"काही नाही. थंडी."

त्याने मुकाट्याने आपला मफलर काढून तिच्या गळ्यात टाकला. टोकं सारखी करताना त्याची बोटं जरा रेंगाळली... आणि तो तिच्याकडे बघत राहिला, कशाची तरी वाट बघत असल्यासारखा. असं तो अधूनमधून करायचा. बोलता बोलता थांबायचा. "समोर रेवदंडा दिसतो आमच्या घरातून. तू बघितला न्हायस ना कधी?" असं विचारून गप्प बसायचा. प्रज्ञाला वाटायचं, ही त्याची बोलायची ढबच आहे. ती मान हलवायची आणि मनातल्या मनात मरायची. आज सांगू, उद्या सांगू करता करता खोटं जुनं झालं, आणि जुनं खोटं कबूल करायला नव्यापेक्षा जड. त्यात तो तिला आवडत होता. भलताच आवडत होता.

डिसेंबरात त्याने तिला नाताळच्या जेवणाला घरी बोलावलं. आणि त्याच आठवड्यात आली सत्यवतीआत्या.

आई गेल्यावर प्रज्ञाला वाढवलं ते या आत्यानेच. जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई होती, नुकतीच निवृत्त झालेली. वर्गातल्या प्रत्येक पोराला उभं करून नाव, गाव, वाडी मोठ्याने सांगायला लावायची. नाव सांगताना मान खाली घालायची न्हाय, हे तिचं वाक्य अख्ख्या वाडीला पाठ होतं. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसून ती भाचीकडे नाताळला आली, तीही स्वेटरवर स्वेटर चढवून. दोन दिवसांत तिने गल्लीतल्या बेकरीवाल्याशी दोस्ती केली. पाव म्हटलं की त्याला कळायचं, बटाटा म्हटलं की भाजीवालीला कळायचं. शेजारणीला "नाताळ" म्हणून हात जोडले, तर ती गळ्यातच पडली. आत्या खूश होऊन म्हणाली, ही माणसं तर अर्धी आपल्याकडचीच हायत.

पंचवीस तारखेच्या सकाळी आत्याने पांढरी साडी नेसली आणि पिशवीतून सोड्यांची, सुकवलेल्या कोळंबीची, पुडी काढली. पोराच्या घरी रिकाम्या हाताने कसं जायचं? प्रज्ञाने ती पुडी हातातून घेऊन कपाटात ठेवली. वास येईल म्हणाली. मग खिडकीबाहेर बघत, शब्द गिळत गिळत तिने उरलेलंही सांगून टाकलं. त्याला मी मुंबईची म्हणून माहीत आहे. त्याने विचारलं तर तूही तसंच सांग. आजच्यापुरतं.

आत्या पदराला पिन लावत होती. तिचा हात थांबला. प्रज्ञाला वाटलं, आता बोलणी बसणार. बसली असती तर बरं झालं असतं.

"बरं," आत्या म्हणाली.

इनासचं घर म्हणजे एक खोली आणि खिडकीत टांगलेला कागदी तारा. त्याने सगळं स्वतः रांधलं होतं. आत्याला वाकून नमस्कार केला, तिला खिडकीजवळची उबदार खुर्ची दिली, ताटात माशाची तुकडी मधली वाढली. प्रज्ञाकडे बघून हळूच भुवई उडवली. पास झालो का? तिला हसू आलं, आणि त्या हसण्याच्या तळाशी काहीतरी टोचत राहिलं. जेवण रंगात आलं, तेव्हा त्याने अगदी सहज विचारलं.

"आत्या, तुमी मूळच्या कुठल्या?"

आत्याने घास खाली ठेवला. "मुंबईच्या," ती म्हणाली.

"मुंबईत कुठं?"

मुंबईला ती जन्मात एकदाच गेली होती, प्रज्ञाच्या आईला दाखवायला. तिने आठवून पाहिलं. मग जन्मभर दुसऱ्यांच्या माना वर करणाऱ्या त्या बाईने स्वतःची मान खाली घातली आणि ताटाकडे बघत म्हणाली, "तिथंच... हॉस्पिटलजवळ."

प्रज्ञाला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. होस्टेलमध्ये लाज वाटली होती, रिक्षात वाटली होती, पण ती सगळी लाज खोटी होती. खरी लाज ही. आपल्यापायी आत्याने मान खाली घातली, आणि आपण समोर बसून मासा खातोय.

"रेवदंडा," ती म्हणाली. आवाज फाटला, पण ती थांबली नाही. "आम्ही रेवदंड्याच्या. बौद्धवाडीतल्या. आत्याला मी खोटं बोलायला लावलं, इनास. तुझा दीपस्तंभ माझ्या घरातून दिसतो. आणि मासळी उजवीकडे बसते."

 इनास घोटभर पाणी प्यायला.

"ठाऊक हाय," तो म्हणाला.

"काय?"

"पयल्या दिवसापासून. मुंबईची पोरगी बोट म्हनंल, फेरी म्हनंल. तू म्हनालीस, 'गेली तर'. बोटीला 'तर' कोण म्हणतं? आमच्या खाडीवरची माणसं." तो हसला, पण ते नेहमीचं हसू नव्हतं. "मला वाटलं, कोर्लईच्या स्वयंपाक्याशी गावची वळख सांगायला तुला कमीपणा वाटतो. म्हणून वाट बघत रायलो. तू सांगशील म्हणून."

 इतके दिवस ती आपलं घर लपवत होती आणि तो समजत होता, ती त्यालाच टाळतेय. "लाज माझी होती रे," ती कशीबशी म्हणाली. "तुझी कधीच नाही."

आत्याने डोळे पुसले. मग पर्स उघडली आणि सोड्यांची पुडी टेबलावर ठेवली. कपाटातून कधी काढली होती कोण जाणे. "खोटं बोलेन म्हटलं होतं," ती म्हणाली. "रिकाम्या हाताने जाईन असं न्हाय म्हटलं."

इनासने पुडी नाकाशी धरली आणि डोळे मिटले. पण प्रज्ञाशी त्या दिवशी तो फारसं बोलला नाही.

संध्याकाळी त्याने दोघींना धक्क्यापर्यंत सोडलं. आत्या मुद्दाम पुढे गेली. पाऊस पुन्हा बारीक सुरू झाला होता. प्रज्ञाने मफलर काढून त्याच्यापुढे धरला. त्याने तो घेतला नाही.

"रागावलायस?"

"व्हय," तो म्हणाला. "पण तुझ्याशी भांडण न्हाय. आज आत्यांच्यासाठी बोललीस. स्वतःसाठी बोलशील तेव्हा बघू." बोट लागली. तो नदीकडे बघत म्हणाला, "मे महिन्यात मी घरी जाणार हाय. तिथं भेटलीस तर..."

"तर?"

"तर बघू."

मधले महिने तिने कसे काढले ते तिलाच ठाऊक. संध्याकाळच्या बोटी वेळेवर मिळत होत्या आणि एकही चुकत नव्हती, याचंच तिला दुःख होतं.

मे महिन्यात रेवदंडा बंदरावर ऊन मी म्हणत होतं. बोंबील वाळत घातलेले, होड्या चिखलात कलंडलेल्या. पूल झाल्यापासून तरीचं कौतुक कुणाला उरलं नव्हतं. पण कोर्लईकडून मामाच्या होडीत बसून इनास आला, गुडघ्यापर्यंत पँट वर करून, हातात चपला घेऊन. प्रज्ञा काठावर उभी होती. गळ्यात, त्या उकाड्यात, मफलर.

"उकडत न्हाय?" त्याने विचारलं.

"उकडतंय. पण ओळख पटायला नको?"

तो हसू दाबत चिखलातून वर आला. नाक्यावर रिक्षा उभ्या होत्या. बाजारचा दिवस, सगळी ओळखीची तोंडं. मासळीच्या टोपलीपाशी बसलेल्या गोदूबाईने दोघांना न्याहाळलं. होस्टेलमधल्या त्या लाडवांच्या डब्यावालीचे वडीलही औषधाच्या दुकानाशी उभे होते. प्रज्ञाने त्यांना पाहिलं. त्यांनीही तिला पाहिलं.

"कुठं सोडू?" रिक्षावाल्याने विचारलं. "बाजारात?"

 इनास तिच्याकडे बघत थांबला, त्याच्या त्या ढबीने.

 वर्गात उभं केल्यासारखी प्रज्ञा ताठ झाली.

"बौद्धवाडी," ती म्हणाली, नाक्यावरच्या प्रत्येकाला ऐकू जाईल अशी. "अगदी दारात."

रिक्षा निघाली. वळणावर धक्का बसला, आणि तिच्या हातावर आलेला त्याचा हात नंतर काही हलला नाही.

"तर?" इनास म्हणाला.

"तर काय... आत्याने सोड्यांची खिचडी केलीय." ती खाडीकडे तोंड फिरवून म्हणाली. "आणि तू जे विचारणार आहेस, त्याला माझं हो आहे. विचार तरी."

तो विचारेपर्यंत रिक्षा दारात पोचली होती. अंगणात आत्या हात पुसत उभी होती, आणि रिक्षावाला सुट्टे पैसे शोधत असताना इनासने आत्यासमोरच लग्नाचं विचारून टाकलं.