अंगठा आक्काचा

मिरजेतल्या त्या घरात चहाचं आधण ठेवायच्या आधी शिवलीलेचं बोट टोचलं जाई. पानाच्या डब्याएवढी रक्तपेटी आधी अंगठ्याचा ठसा घ्यायची, मग रक्ताचा थेंब. शिवलीलेला ल्यूपस होता. या दुखण्यात कुंपणच शेत खातं. शरीराचे पहारेकरी शरीरावरच उठतात. दुखणं उचल खायच्या महिनाभर आधी रक्तात त्याच्या खुणा वाढू लागतात. त्या मोजून पेटी हिरवा, पिवळा नाहीतर लाल दिवा लावी. लाल लागला की निरोप थेट डॉक्टरीणबाईंना, आणि स्टेरॉइडचा डोस दुप्पट.

स्टेरॉइडनं तोंड सुजतं. मागच्या खेपेला शिवलीलेचा चेहरा असा फुगला, की बघायला आलेली माणसं पोह्यांच्या बशा अर्ध्या टाकून उठली. आता साखरपुडा आठ दिवसांवर आला होता आणि कालपासून तिचे गुडघे दुखत होते.

"राजी, आज तुझं बोट दे," ती धाकट्या बहिणीला म्हणाली. "ठसा मी देते."

"आक्का, कळलं तर?"

"पेटीला काय डोळे आहेत? आठ दिवसांचा तर प्रश्न आहे."

राजश्रीला भीती होती ती पकडलं जायची, दुसरं काय! तिला साधी सर्दीसुद्धा वर्षातून एकदा व्हायची. तिनं डोळे मिटून बोट पुढं केलं.

दिवा लाल लागला.

"बिघडली मेली," शिवलीला म्हणाली. तिनं सुई बदलली आणि या वेळी स्वतःचंच बोट टोचलं. हिरवा! म्हणजे गुडघे नुसते धावपळीनं दुखत होते. लबाडीची गरजच नव्हती. तिनं पुन्हा ठसा दिला, राजश्रीनं पुन्हा थेंब. पुन्हा लाल.

फोन वाजला. डॉक्टरीणबाई होत्या.

"शिवलीला, दहा मिनिटांत लाल, हिरवा, लाल? काय चाललंय?"

साखरपुडा, चेहरा, सगळंच शिवलीला विसरली. "बाई, मी फसवलं तुम्हाला. लाल आलंय ते राजीचं रक्त आहे."

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तिला काही त्रास होतोय?"

"काहीच नाही."

"या खुणा कधी कधी दुखणं पहिल्यांदा सुरू व्हायच्या कितीतरी वर्षं आधी येतात. कधी दुखणं येतही नाही. तिला आजच घेऊन ये. तिच्या नावाची नोंद मी इथून उघडते."

शिवलीलेनं फोन ठेवला आणि ती रडायलाच लागली. "तुझं बोट मागितलं नसतं तर तुला कळलंसुद्धा नसतं गं."

राजश्री आपल्या बोटाकडे बघत होती. कालच्यासारखंच होतं ते, धडधाकट. पेटीच्या पडद्यावर अक्षरं उमटली: नव्या रुग्णाचा ठसा द्या.

तिनं अंगठा पुढं नेला आणि तसाच अधांतरी धरला.

"आक्का, मला कुठंच दुखत नाही गं. हा ठसा दिला की मी आजारी होणार, की आधीच झालेय?"