करवत बंद होती तेव्हा

भिंतीवर एक आरसा. इतका खाली, की उभ्या माणसाला त्यात फक्त आपला पट्टा दिसावा.

“छान, छान. तब्येत सांभाळ. ठेवतो.”

एक बाई नवऱ्याला विचारलेला प्रत्येक प्रश्न त्याला पुन्हा विचारायची. लोक हसायचे.

“दाढी काढ.”

हवेत उचललेला एक हात.

*

“माझ्या वडिलांनी जीव दिला, की माझ्या भावाने घेतला, एवढंच मला सांगा,” ती खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली.

खासगी तपास करणाऱ्या त्या बाईंना सगळे मावशी म्हणत, पोलीससुद्धा. त्यांचे सोबती, निवृत्त फौजदार, कोपऱ्यात चहात बिस्कीट बुडवत होते.

“तिसरी शक्यता नाही?” मावशींनी विचारलं.

“पोलिसांनी अपघात लिहिलाय. आमची लाकडाची वखार आहे. दादा ओंडक्यांच्या ढिगावर उभा होता, बाबा खाली. दादा ओरडला, ‘सोडतोय, बाजूला व्हा!’ अख्ख्या वखारीने ते ऐकलं म्हणे. आणि बाबा बाजूला होण्याऐवजी पुढे आले. मग एक तर दादा आणि त्याची माणसं खोटं बोलताहेत, नाहीतर बाबांना मरायचंच होतं.”

“आई?” फौजदारांनी विचारलं.

“वर्ष होईल जाऊन.”

“मग उघड आहे. बायकोच्या मागोमाग—”

“फौजदार, तुमचं बिस्कीट बुडालं,” मावशी म्हणाल्या. मग मुलीकडे वळल्या. “वडिलांशी शेवटचं कधी बोललात?”

तिने पर्सचा बंद बोटाला गुंडाळला. “मला दिवस गेले होते. कुणाला सांगितलंही नव्हतं अजून. ते बाळ गेलं. मी हॉस्पिटलमधून बाबांना फोन केला. म्हटलं, दादालाही तुम्हीच सांगा, मला पुन्हा सांगवणार नाही. बाबा म्हणाले, ‘छान, छान. तब्येत सांभाळ. ठेवतो.’”

तिने बंद सोडला आणि पुन्हा गुंडाळला.

“दादाचा तर फोनसुद्धा नाही. त्यानंतर मी थेट बाबा गेल्यावरच त्या घरात पाऊल टाकलं. आता भावाचं तोंड बघायचं की नाही, ते तुमच्या उत्तरावर.”

“त्याआधी फोनवर काय बोलायचे?”

“तेच. तेवढंच. आई गेल्यापासून, मी काहीही बोलले तरी.”

*

वखारीतल्या मिस्त्रीच्या भुवयांवरसुद्धा भुसा होता. करवत चालू होती. मावशींनी तोंड उघडलं, तशी त्याने मूठ वर केली आणि आधी जाऊन करवत बंद केली.

“हिच्यापुढे ओरडून घसा फाटतो, बाई. म्हणून इथे सगळं हातावर. मूठ म्हणजे थांब. पंजा हलवला की चालू दे. मालकांनीच बसवलेली पद्धत.”

“त्या दिवशी करवत चालू होती?”

“नाही ना! पातं धारेला काढलं होतं. इतकं शांत, की पाखरं ऐकू येत होती. धाकट्या मालकांची हाक मी फाटकापाशी ऐकली.”

“मालकांनी काय केलं?”

“वर बघितलं. हात वर केला. आणि दोन पावलं पुढे.”

“पंजा की मूठ?”

मिस्त्री थांबला. त्याचा स्वतःचा हात नकळत वर गेला, आणि तो त्याकडे बघत राहिला. “मूठ. मूठच होती.”

“मालक कसे होते?”

“कडक. ज्याला हाक ऐकू येत नाही त्याने करवतीजवळ उभं राहायचं नाही, हा त्यांचाच नियम. माझे काका चाळीस वर्षं इथे होते. कान गेल्यावर त्यांनाही घरी बसवलं. काका रडले, पण मालक हलले नाहीत.”

*

शेजारीण घराच्या फाटकातच भेटली.

“बायको होती तोवर माणसात होता. ती म्हणजे याची वकीलच! आपण याला विचारावं, ‘कसे आहात?’, की ती याच्यासमोर जाऊन, ‘अहो, विचारताहेत, कसे आहात?’ मग हा बोलणार. ती गेली आणि याची मान ताठ झाली. पाठीमागून दहा हाका मारा, वळून बघेल तर शपथ. आणि भांडणं! रोज एकच, दाढी काढ, दाढी काढ. अहो, पोरगं आईच्या दुःखात, त्याला सुचत नाही आरशासमोर उभं राहायला. त्या सकाळी तर चांगलीच जुंपली.”

“लागली का लिंक?” आत जाताना फौजदार कुजबुजले. “भांडण. राग. ढीग. पोरानेच सोडला.”

*

मुलाची दाढी छातीपर्यंत आली होती, मिशी ओठांवर उतरली होती. बोलताना फक्त केस हलत.

“मी त्यांना म्हणालो होतो, माझ्या तोंडाशी तुम्हाला काय करायचंय,” तो म्हणाला. “ते शेवटचं. नंतर ढिगावरून हाक मारली. त्यांनी हात वर केलेला मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसला. वाटलं, ऐकलं त्यांनी. मी ओंडक्यांखालची पाचर काढली.”

“ते पुढे आलेले दिसले?”

“नाही. मी पाचरीकडे बघत होतो.” त्याने मान खाली घातली. “त्यांनी मुद्दाम केलं का हो? माझ्यावर रागावून?”

मावशी वडिलांच्या खुर्चीत बसल्या होत्या. समोर भिंतीवर खूप खाली लावलेला आरसा. त्यात पाठीमागचं दार दिसत होतं, दारात चुळबुळणारे फौजदारही. त्यांनी टीव्ही लावला. बातम्या देणारी बाई तोंड हलवू लागली.

“बिघडलाय,” फौजदार म्हणाले.

मावशींनी रिमोटचं बटण दाबलं. शून्य, एक, दोन, तीन... खोली आवाजाने भरली. त्यांनी तो पुन्हा शून्यावर आणला.

“वडील असाच बघायचे?”

“आई गेल्यापासून. म्हटलं, कशातच मन लागत नसेल.”

“बहिणीला बोलावून घ्या,” मावशी म्हणाल्या.

*

ती आली. भावाकडे न बघता भिंतीशी उभी राहिली. मिस्त्रीही दाराशी टेकला.

मावशी तिच्यासमोर गेल्या आणि आवाज न काढता ओठ हलवले.

“काय म्हणाले मी?”

“‘सोडतोय. बाजूला व्हा.’”

मावशींनी तोंडावर रुमाल धरला. रुमाल हलला, आवाज नाही. “आता?”

“आता कसं कळणार?”

“तुमच्या वडिलांनाही कळलं नाही.”

फौजदारांचं तोंड उघडं राहिलं.

“करवतीने त्यांचे कान नेले होते. हळूहळू, आणि शेवटी पुरते. आईला ठाऊक होतं. ती वकिली करत नव्हती; प्रत्येक प्रश्न त्यांना दिसेल असा त्यांच्यासमोर धरत होती. ती गेली. मग पाठीमागून कोण येतं ते बघायला आरसा आला. टीव्हीचा आवाज त्यांना कधीच लागत नव्हता, तिला लागायचा. हाकेला ते वळेनात, लोकांनी घमेंड म्हटलं.”

“पण वखारीत कुणाला कसं कळलं नाही?” फौजदारांनी विचारलं.

“वखारीत सगळेच बहिरे. करवत चालू असेतो तिथे कुणी बोलतच नाही. धोका फक्त शांततेत होता. करवत चालू असती तर यांनी हाताने खूण केली असती आणि वडील बाजूला झाले असते.”

मुलगा जमिनीकडे बघत होता.

“त्यांनी सांगितलं का नाही?” मुलीने विचारलं.

“माझ्या काकांमुळे,” मिस्त्री हळूच म्हणाला. “तोच नियम त्यांना लागू झाला असता.”

मावशी मुलाजवळ बसल्या. “ज्याला मरायचंय तो ‘थांब’ म्हणून मूठ दाखवत नाही. तुम्ही काहीतरी बोलताय एवढं त्यांना दिसलं. ओठ दिसेनात. रोज दिसत नव्हते, म्हणून तर रोज तेच मागणं. त्यांनी ‘थांब’ म्हटलं, आणि तुमचं बोलणं नीट दिसावं म्हणून ते दोन पावलं पुढे आले.”

मुलाने दाढी दोन्ही हातांत धरली. जणू ती कुणा दुसऱ्याची होती.

“मग फोन...” मुलगी म्हणाली.

“फोनला ओठ नसतात. घंटी वाजलेलीही त्यांना कळत नसणार. फोन कोण हातात द्यायचं?”

“मी,” मुलगा म्हणाला. “‘तिचा आहे’ म्हणून. मला वाटायचं, माझ्यासमोर तुझ्याशी मोकळं बोलत नाहीत. म्हणून मी बाहेर जायचो.”

“ते अंदाजाने बोलायचे,” मावशी म्हणाल्या. “मुलगी आहे, म्हणजे छान असेल. तब्येत सांभाळ, हे तर कधीही चालतं. चोरी पकडली जायच्या आत ठेवून द्यायचे.”

“म्हणजे बाळाचं त्यांना कळलंच नाही,” ती म्हणाली.

मुलाने पहिल्यांदाच मान वर केली.

“कोणतं बाळ?”

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग भिंत सोडून त्याच्यासमोर येऊन बसली, अगदी जवळ, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली.

फौजदारांनी टीव्ही बंद केला. तो आधीपासूनच गप्प होता.

*

खूप वर्षांपूर्वी, ही मुलगी जन्मली तेव्हा वडील करवतीपाशी उभे होते. करवत चालू होती. निरोप घेऊन आलेला माणूस फाटकातूनच ओरडला, आणि त्यांना ते पहिल्याच हाकेला ऐकू आलं होतं.