पाचव्या ओळीतली रेघ

"तिनं टाकलेला नवरा मी सव्वीस वर्षं सांभाळला! आता पोरगीबी तिच्याच पदरात घालू व्हय?"

मुकुंदवाडीच्या त्या घरात विशाखाचा आवाज कडाडला आणि थोरली बहीण रत्नमाला हिच्या हातातला चहा हिंदकळला. हिंदकळला, की हातच थरथरला?... तिनं घाईघाईनं कप खाली ठेवला. मावशीच्याच प्रयोगशाळेत संशोधन करायचा हट्ट धरून बसलेली श्रेया आईकडे रोखून पाहत होती. रत्नमाला मात्र सांडलेला चहा पदरानं टिपत राहिली.

सव्वीस वर्षांपूर्वी दोघी बहिणींचे वडील पुंडलिकराव गेले. हाताच्या कंपानं सुरू झालेला तो आजार त्यांना आतून पोखरत गेला, शेवटी पोटच्या पोरीही त्यांना ओळखू येईनात. रत्नमाला तेव्हा विद्यापीठात प्रथिनं वेगळी करायला शिकत होती. जेलच्या लिबलिबीत थरातल्या खळग्यांत नमुने भरून वीज सोडली की प्रथिनं वजनाप्रमाणे पांगतात, आणि हवं ते प्रथिन फिल्मवर त्या खळग्याच्या ओळीत काळी रेघ होऊन उमटतं. वडिलांच्या रक्तात तिला असंच एक अनोळखी प्रथिन सापडलं होतं; ज्याच्या रक्तात ते, त्याला तो आजार होणारच, अशी तिची खात्री झाली होती. बाबा शेवटच्या घटका मोजत असताना तिनं चौथ्या खळग्यात त्यांचं रक्त भरलं, पाचव्यात स्वतःचं, अगदी कडेच्या खळग्यात विशाखाचं. अंधाऱ्या खोलीत फिल्म धुतली... विशाखाची ओळ कोरी होती. तिची नव्हती!

महिन्याभरात तिनं विश्वजीतशी ठरलेलं लग्न मोडलं. "मला संसारापेक्षा संशोधन प्यारं आहे, विशाखाला करून घ्या," असं चारचौघांत हसत हसत म्हणाली आणि जन्माची घमेंडखोर ठरली. त्या दिवसापासून बाबा जणू तिच्यात राहायला आले. एखादं नाव आठवलं नाही की काळजात बर्फ उतरायचा, सहीचं वळण वाकडं गेलं की ते त्यांच्या अक्षरासारखं वाटायचं, आणि आरशात कधीकधी हनुवटी त्यांचीच दिसायची... "एकदा दिसलं ते तीनदा तपासा" म्हणून ती विद्यार्थ्यांना भंडावून सोडी, पण स्वतःचं रक्त तिनं पुन्हा कधी तपासलं नाही. तीच रेघ दुसऱ्यांदा बघायचं बळ तिच्या अंगी नव्हतं.

आईचा विरोध डावलून श्रेया अखेर रुजू झाली, आणि एका दुपारी कपाटातली, ओळींवर नावं लिहिलेली ती जुनी फिल्म उजेडाकडे धरून उभी राहिली.

"मावशी, तुझी रेघ सरळ नाय गं. आजोबांच्या बाजूला जाड, पलीकडं विरलेली. नमुना भरताना हात हलला होता का?"

रत्नमालेनं फिल्म तिच्या हातून ओढून घेतली. हलला होता! सगळ्यात शेवटी चौथा खळगा भरतानाच कुणीतरी दारात येऊन "बाबा गेले" म्हणालं होतं... त्यांचं रक्त शेजारी सांडलं असेल?

बाबांचा गोठवून ठेवलेला शेवटचा थेंब श्रेयानं बाहेर काढला, मावशीचं रक्त घेतलं, दोघांच्या मध्ये तीन खळगे रिकामे सोडले. दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली वाकल्या. ट्रेमधल्या फिल्मवर आधी बाबा आले. सव्वीस वर्षांपूर्वी गेलेला तो माणूस हळूहळू काळा होत वर आला. रत्नमाला श्वास रोखून पलीकडच्या आपल्या ओळीकडे पाहत राहिली. तिथं काहीच उमटलं नाही.

"माझ्यात कुणीच नव्हतं गं..." तिला हुंदका आवरेना. "मग इतकी वर्षं मी कुणासोबत राहिले?"

"मी आईला सांगते. आजोबांचा आजार तुला झाला समजून तू माझ्या बाबांना सोडलंस, हे तिला..."

"नाही! तिला घमेंडखोर ताईच बरी. माझ्या चुकीवर तिचा संसार उभा आहे हे कळलं, तर स्वतःच्या घरात ती पाहुणी होऊन जाईल. शपथ आहे तुला माझी!"

दाराबाहेर कुणीतरी हुंदका दिला. लेकीला परत न्यायला आलेली विशाखा तिथं उभी होती, कोण जाणे केव्हापासून.

"ताई... दार उघड."

"आई, थांब!" श्रेया ओरडली. "फिल्म पक्की झाली नाय अजून, उजेड लागला तर काळी पडंल! आजोबांचं रक्त संपलं, पुन्हा करता येणार नाय!"

"लेकरं झाली तवा तुला पाळण्याला हात लावू दिला नाय मी," दारापलीकडून विशाखा रडत म्हणाली. "नाय नाय ते बोलले... आन् तू एक शब्द बोलली नाय!"

रत्नमालेचा हात कडीवर गेला.

"मावशी, पाचच मिनिटं!"

"तिला किती वेळ बाहेर ठेवू, पोरी?"

कडी निघाली आणि दुपारचा पांढरा उजेड भसकन आत आला. विशाखा बहिणीच्या पायांवर कोसळली.

"काय परत देऊ गं तुला?... सांग ना, काय देऊ?"

रत्नमालेनं तिला उठवून छातीशी धरलं. "तुझी ओळ कोरी निघाली, म्हणून मी जगले गं. दोघींतली एक तरी..."

ट्रेमधली फिल्म या कडेपासून त्या कडेपर्यंत काळी होत गेली. श्रेयानं ती उचलून त्यांच्यापुढं धरली, पण दोघी बहिणी तिच्याकडे पाहतही नव्हत्या.