डावा हात आणि खोटे हादरे

रविवारचा आलेख पाहून घरात सगळ्यांना आनंद झाला होता. शर्वाणीला मात्र तो काही केल्या पटेना.

तिचे आजोबा वामनराव घाटगे हे भूकंपशास्त्रज्ञ. त्यांचं सारं आयुष्य कोयना खोऱ्यात जमिनीचे हादरे मोजण्यात गेलं होतं. गेल्या वर्षी त्यांना पक्षाघात (मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटल्याने शरीराचा काही भाग लुळा पडणे) झाला. मेंदूची उजवी बाजू शरीराच्या डाव्या बाजूला हलवते. आजोबांना इजा झाली ती उजवीकडे, म्हणून डावा हात गेला.

आता कराडच्या घरी त्यांच्या दोन्ही मनगटांवर एकेक पातळ पट्टा असे. पट्ट्यात गतिसंवेदक (हालचाल टिपणारं बारीक यंत्र) होता. हात हलला की तो नोंद घेई आणि संध्याकाळी भिंतीवरच्या पडद्यावर दोन रेघा उमटत, उजव्या हाताची निळी आणि डाव्याची केशरी.

सुरुवातीला त्या रेघांनी सगळ्यांनाच चक्रावून टाकलं होतं. व्यायाम करून घेणाऱ्या रेहानाताई मुल्लांच्या दवाखान्यात आजोबा डाव्या हाताने पेला उचलत, सदऱ्याची बटणं लावत. घरी मात्र केशरी रेघ जवळजवळ सपाट! पट्टा बिघडला असेल असं बाबांना वाटलं. रेहानाताईंनी समजावलं की पट्टा ठीक आहे. हात काय करू शकतो, ते दवाखान्यात कळतं. तो दिवसभर खरोखर काय करतो, ते पट्ट्याला कळतं. आजारपणात डावा हात जमेना म्हणून सगळी कामं उजव्याने उचलली, आणि तीच सवय पडली. डाव्यात आता जोर आला होता, पण त्याला कुणी बोलावतच नव्हतं. आणि न वापरलेल्या हाताकडे मेंदूही हळूहळू दुर्लक्ष करू लागतो.

म्हणून रविवारी केशरी रेघ निळीच्या बरोबरीने नाचताना दिसली, तेव्हा आईने शिरा केला. सोमवारी रेहानाताई घरी आल्या. त्यांनीही आलेख पाहिला आणि असंच चालू राहिलं तर व्यायाम कमी करायला हरकत नाही, असं म्हणाल्या. आजोबा खूश झाले. त्या व्यायामांचा त्यांना मनापासून कंटाळा आला होता.

शर्वाणी रविवारी त्यांच्याबरोबर होती. दोघं जीपने पाटणला लग्नाला गेली होती. रस्ता सगळा खणलेला. आजोबा दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते आणि जेवतानाही त्यांचा डावा हात पानाशेजारी नुसता पडून होता. हे बोलावं की नाही, तिला कळेना. बोललं तर आजोबांचा आनंद जाणार. नाही बोललं तर व्यायाम जाणार.

शेवटी ती आजोबांजवळ जाऊन बसली.

"आजोबा, काल हात तुम्ही हलवलात, की जीपने?"

आजोबांनी पुन्हा एकदा पडद्यावरचा आलेख पाहिला. मग रेहानाताईंना म्हणाले, "पोरगी बरोबर बोलते आहे. मला कालच शंका आली होती, पण ती मला नको होती."

त्यांनी दोन्ही रेघा मोठ्या करून एकीवर एक ठेवायला सांगितल्या. प्रवासाच्या वेळेत त्या तंतोतंत जुळल्या. प्रत्येक खड्ड्याला दोन्हींवर एकाच क्षणी सारखाच उंचवटा.

मग आजोबांच्या आवाजात जुनी धार आली. त्यांनी सांगितलं की भूकंपमापकाजवळून ट्रक गेला तरी सुई थरथरते. म्हणून ते आसपासची केंद्रं पडताळत. ट्रकचा हादरा एकाच ठिकाणी उमटे, भूकंपाचा सगळीकडे. "इथे उलट आहे," ते म्हणाले. "दोन्ही मनगटांवर एकाच क्षणी, अगदी सारखा उमटला, तो बहुधा गाडीचा. तो वजा करा. उरेल ते माझं."

वजा केल्यावर रविवारची केशरी रेघ पुन्हा सपाट झाली. आई स्वयंपाकघरात निघून गेली.

मग आजोबांनीच विचारलं, "आता काय करायचं?" रेहानाताईंनी पिशवीतून जाड कापडी हातमोजा काढला. रोज सकाळ-संध्याकाळ तो उजव्या हातात घालायचा, म्हणजे डाव्याला काम करावंच लागेल. तेच काम पुन्हापुन्हा केलं की मेंदूत नव्या वाटा तयार होतात आणि इजा झालेल्या भागाचं काम शेजारचे भाग थोडंथोडं शिकतात.

पहिले दिवस वाईट गेले. आमटी सांडली, कंगवा पडला, आजोबा चिडले आणि एकदा तर मोजा फेकून दिला. शर्वाणीने तो उचलून मुकाट्याने शेजारी ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो स्वतःच मागितला.

दिवाळीच्या सुमारास एका संध्याकाळी हातमोजा काढून ठेवून आजोबा शर्वाणीबरोबर अंगणात मटार सोलत बसले होते. आजोबांच्या उजव्या दंडावर डास बसला. डावा हात सटकन गेला आणि त्याने डास मारला. आजोबा स्वतःच चकित होऊन त्या हाताकडे बघू लागले. त्याला कुणीच सांगितलं नव्हतं.

शर्वाणी धावत पडद्याकडे गेली. त्या क्षणी निळी रेघ शांत होती. केशरी रेघेवर एकच टोकदार उंचवटा उभा होता, आणि तो कुठल्याही गाडीचा नव्हता.

"डास मारला की मटार उचलला, हे पट्ट्याला ओळखता येईल का?" तिने अंगणात परत येऊन विचारलं.

"अजून नीट येत नाही," आजोबा म्हणाले. "प्रत्येक हालचालीची रेघ कशी दिसते, ते त्याला कुणीतरी शिकवायला हवं."

शर्वाणीने मटाराची टोपली त्यांच्या डाव्या हाताशी सरकवली आणि आत जाऊन पडद्यावर नवी नोंद सुरू केली.