गवळ्याच्या भाचीचा डबा

ऑस्ट्रेलियातल्या डोरिगोच्या पठारावर त्या सकाळी धुकं दाटलं होतं. मी शाळेच्या कँटीनमध्ये भोपळा चिरत होते. खिडकीवर टकटक झाली. बाहेर एक उंच माणूस… बुटांना चिखल, हातात इवलासा जांभळा डबा.

"नेरिडा तुम्हीच ना? मी फर्गस. विनीचा मामा."

विनी पाच वर्षांची. आई लांब खाणीवर कामाला, म्हणून हे सत्र मामाकडे.

"सोमवारपासून डबा भरलेलाच परत येतोय," तो म्हणाला. "वासराला कत्तलखान्याच्या ट्रकमध्ये चढवताना पाहिलं तिनं. तेव्हापासून दूध नाही, अंडं नाही, मांस नाही."

"मग डब्यात काय देता?"

"गाजर."

"आणि?"

"…दुसरं गाजर."

मी ओठ घट्ट मिटले, तरी हसू निसटलंच.

"हसा! ऐंशी गाईंचा गवळी, आणि घरातली पोर दुधाला शिवत नाही. पीनट बटर दिलं, तर कुणाकुणाला ॲलर्जी असते म्हणून शेंगदाणा शाळेत चालत नाही म्हणे." त्याचा आवाज एकदम खाली आला. "वजन उतरलंय हो तिचं. मला काही सुचत नाही."

मी दार उघडलं. "आत या. हात धुवा."

त्या दिवसापासून धारा काढून झाल्या की तो यायचा. वाटलेले छोले, सूर्यफुलाच्या बियांचं बटर, टोफूचे तुकडे – मी दाखवायचे, तो शिकायचा. अंगाला ओल्या गवताचा वास. अरुंद ओट्यापाशी खांद्याला खांदा लागायचा. दोघंही एकदम "सॉरी" म्हणायचो… आणि सरकत कुणीच नसे.

"इतकं बारीक कशाला चिरायचं?"

"पोरीसाठी आहे, गाईसाठी नाही."

"गाई निदान तक्रार करत नाहीत."

"मग जा त्यांच्याकडेच!"

"गेलो असतो… पण त्या अशा हसत नाहीत."

माझी सुरी हवेतच थांबली.

तिसऱ्या आठवड्यात विनी स्वतः खिडकीशी आली. "अजून आहे?" मागे तिच्या तीन मैत्रिणी! तेव्हाच मी ठरवलं, बुधवारी सगळ्या लहान वर्गांना व्हीगन जेवण द्यायचं. सातव्या आठवड्यातल्या पालकसभेत मात्र भडका उडाला.

"आमच्याच गावात आमच्या दुधाला बंदी?" कुणीतरी ओरडलं.

फर्गस उठला. कानांपर्यंत लाल. "बंदी कसली? आठवड्यातली एक दुपार. मीही दूधच विकतो. पण माझी भाची उपाशी होती, आणि या बाईंनी तिला जेवू घातलं. बुधवारी ज्याला दुधावाचून राहवणार नाही, त्यानं माझ्या गोठ्यावर यावं. पाजतो!"

हशा पिकला. मग बुधवारच्या बाजूनं एकेक हात वर झाला.

सभा संपवून आम्ही दोघं बाहेर आलो, तर भुरभुर पाऊस लागला होता.

"नेरिडा… कधीचं विचारायचं होतं. पण तुम्ही दूधबिध घेत नाही, आणि मी हा असा गवळी. म्हटलं, जमायचं कसं…"

"मी घेत नाही? कोण म्हणालं?"

"रोज तेच तर शिकवता!"

"ते मुलांसाठी! घरी मी मांजरासारखी साय चाटते."

"म्हणजे सात आठवडे मी उगाच—"

"उगाच फुकट घालवलेस." 'तुम्ही' कुठे गळून पडलं, कळलंच नाही.

"मग… आता विचारू?"

"काही विचारू नकोस. मला आवडतोस तू. झालं?"

त्यानं डोक्यावरची टोपी काढून माझ्यावर धरली. टोपी एकच, म्हणून अगदी जवळ उभं राहावं लागलं. पाऊस कधी थांबला कोण जाणे… आम्ही आपले तसेच उभे.