कैतान पाद्रीचे मौन

उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर, जिथे खाडीचे गढूळ पाणी समुद्राच्या निळ्या पाण्यात मिसळते, तिथल्या खडकाळ टेकाडावर फिरंग्यांनी बांधलेला आगरवेळचा कोट त्या पहाटे धुक्यातून हळूहळू वर येत होता. आधी समुद्राकडचा बुरूज दिसू लागला, मग तोफांच्या माऱ्याने खिंडार पडलेला दक्षिण तट, आणि शेवटी संत आनाच्या इगर्जीचे, त्या ख्रिस्ती देवळाचे, पांढरे शिखर. ज्या साली वसईवर मराठ्यांचे मोर्चे लागले, त्या साली आसपासच्या साऱ्या लहान ठाण्यांनाही वेढे पडले होते. आगरवेळ त्यांतलेच एक. कोटातले धान्य सरले होते. विहिरीचे पाणी मचूळ झाले होते. तोफा गर्जल्या तरी आता मुले दचकत नव्हती आणि कोणी मेले तर बायका मोठ्याने रडत नव्हत्या. इतक्या दिवसांच्या वेढ्याने माणसांच्या आतले काहीतरी बधिर होऊन गेले होते.

वाडीतली सारी ख्रिस्ती रयत, शेतकरी, मच्छीमार, ताडीवाले, त्यांच्या बायका आणि लेकरे, इगर्जीच्या फरशीवर राहत होती. त्यांचा सांभाळ करणारा कैतान पाद्री त्याच वाडीत जन्मलेला. त्याच्या पणजोबाने बाप्तिस्मा घेतला तेव्हा राऊतांचे घर दोन झाले होते. थोरल्या पातीने क्रूस घेतला, धाकटी खाडीपलीकडे जाऊन आपल्या कुळस्वामिनीपाशी राहिली. मोठा गोरा पाद्री वेढ्याच्या आरंभीच गोव्याच्या गलबतावर चढला. देशी म्हणून आजवर दुसऱ्या पायरीवर बसवलेला कैतान तेवढा मागे राहिला.

त्या सकाळी तहाचे बोलणे होते. वेशीबाहेर मराठ्यांचा शामियाना उभा होता आणि त्यात सरदार रायाजीराव पायगुडे बसले होते. कोटाचा किल्लेदार, कप्तान दों जेरोनिमु, भरजरी डगला घालून आला. डगला त्याच्या अंगावर आता सैल होत होता. दोघांची भाषा दोघांना कळेना, म्हणून मध्ये कैतान पाद्री. आणि सरदारांकडून वकील म्हणून आला होता लखमाजी राऊत, धाकट्या पातीचा, नात्याने कैतानचा लांबचा चुलतभाऊ.

"कप्तानांना सांगा," रायाजीराव म्हणाले, "निशाण लावून, हत्यारांसह, वाजत गाजत त्यांनी आपल्या गलबतावर चढावे. आम्ही एक गोळी उडवणार नाही. कोट, तोफा आणि दारूगोळा मात्र आहे तसा आमच्या हवाली व्हावा. मागे राहणाऱ्या रयतेला आमचा कौल आहे. त्यांची घरे, त्यांचे देऊळ, त्यांचा धर्म, कशालाही धक्का लागणार नाही."

सरदारांनी बेलभंडार उचलला. कप्तानाने शुभवर्तमानाच्या पोथीवर हात ठेवला. मग रायाजीराव पाद्रीकडे वळले.

"फिरंग्याची शपथ मी पुष्कळदा ऐकली आहे. तुम्ही या मातीतले. तुम्ही जामीन राहाल?"

"राहीन, महाराज," कैतान म्हणाला आणि त्याने गळ्यातल्या क्रूसाचे चुंबन घेतले.

शामियान्याबाहेर लखमाजीने त्याला गाठले. "दादा, उद्या आपली माणसं कोटात शिरतील. पणजोबांचं घर बघायचंय मला. आजी म्हणायची, तटाच्या आत आपलं फणसाचं झाड आहे."

"तोडलं ते," कैतान म्हणाला. "सरपणाला. मागच्याच महिन्यात."

दुपारी गोलंदाजांच्या बायकामुलांना कप्तानाने गलबतावर चढवले. गोलंदाज कामाची माणसे, त्यांना गोव्याला न्यायचे, असे सांगण्यात आले. बाकी रयतेला जागा नव्हती. त्यांनी निर्धास्तपणे इगर्जीत बसून राहावे, कौल मिळालाच आहे, असा हुकूम झाला. ऊन कलताना इगर्जीच्या कोपऱ्यात, पापनिवेदनाच्या जाळीपाशी, बस्त्याव गोलंदाज येऊन गुडघे टेकून बसला. कैताननेच त्याचे लग्न लावले होते. त्याच्या लेकीचा, रोझाचा, बाप्तिस्माही त्याच्याच हातचा.

"पाद्रीबाबा, एका पापाची क्षमा पाहिजे."

"बोल."

"अजून केलेलं नाही. उद्या करणार आहे."

पाद्रीने जाळीपलीकडून कान जवळ आणला.

"वेदीमागच्या खोलीखाली दारूचं कोठार आहे. पिंपांची तोंडं फोडून ठेवलीत, दारूची रेघ ओढलीये. मराठे कोटात शिरून इगर्जीसमोर उभे राहिले, त्यांचं निशाण चढलं, की मी वात लावायची. मग पाणदरवाज्यानं होडीत. कप्तान म्हणाला, कोट शत्रूला मिळाला असं गोव्यात कुणी म्हणता कामा नये."

"आणि इगर्जीतली माणसं?"

"ती हुतात्मे होतील, म्हणाला. थेट स्वर्गात." बस्त्यावचा आवाज अगदी सपाट होता, जणू कोणा दुसऱ्याची हकिगत तो सांगत होता. "इनेस आणि रोझा गलबतावर आहेत. वात पेटली नाही तर त्या माझ्या नाहीत, असंही म्हणाला."

"करायच्या पापाची क्षमा आगाऊ मिळत नाही, बस्त्याव. ही वात लावू नकोस."

"मग नका देऊ क्षमा," बस्त्याव उठत म्हणाला. "कुणाला तरी ठाऊक असावं, एवढंच होतं."

तो गेला. कैतान जाळीमागे बसून राहिला. त्या जाळीतून आलेला शब्द राजाला नाही, पोपला नाही, सख्ख्या भावाला नाही. जीव गेला तरी तो ओठांवर आणायचा नाही, आणि त्या शब्दामुळे सांगणाऱ्याचा घात होईल असे काहीही करायचे नाही, ही त्याने दीक्षेच्या वेळी घेतलेली आण होती. रायाजीरावांना सांगावे तर बस्त्यावची बायको-पोर गेली. कप्तानाला जाब विचारावा तरी तेच. दारूवर आपल्या हाताने पाणी ओतावे तरी तेच. आणि गप्प राहावे तर ज्यांना आपण क्रूसाची जमानत दिली ते मरणार, ज्यांना आपण हाताने बाप्तिस्मा दिला तेही मरणार. भीती वाटेल, राग येईल, म्हणून तो वाट पाहत राहिला. काहीच आले नाही.

सकाळी त्याने मिस्सेची प्रार्थना म्हटली आणि ती संपताच लोकांकडे वळून म्हणाला, "आज वेढा उठतो आहे. संत आनाची मूर्ती खांद्यावर घ्या. तिला वाजतगाजत किनाऱ्यावरच्या क्रूसापर्यंत नेऊ, तिथे आभाराची प्रार्थना करू. म्हातारेकोतारे, तान्ही पोरं, सगळे चला. मागे कुणी राहायचं नाही."

मिरवणूक अंगणात आली तेव्हा दों जेरोनिमु निघायच्या तयारीत उभा होता. त्याने हात आडवा केला.

"हे कोणाच्या हुकमाने?"

"संकट टळल्यावर मूर्ती किनाऱ्यावर न्यायची, ही या गावची रीत आहे, कप्तानसाहेब. मागे देवीची साथ सरली तेव्हाही नेली होती."

कप्तानाने त्याच्याकडे रोखून पाहिले. "पाद्री, तुम्हाला कोणी काही सांगितले आहे काय?"

"देवाचे आभार मानायला कोणी सांगावे लागते काय?"

कप्तानाची नजर बुरुजापाशी उभ्या असलेल्या बस्त्यावकडे गेली. बस्त्याव तोफेचा गाडा पुसत होता. त्याने वर पाहिले नाही. अडवावे तर कारण सांगावे लागेल, आणि सांगण्याजोगे कारण नव्हते. दों जेरोनिमुने हात खाली घेतला.

लोक वेशीबाहेर पडले. मराठ्यांच्या चौकीने कौलाप्रमाणे वाट दिली. किनाऱ्यावरच्या क्रूसापाशी पोहोचल्यावर कैतानने खांद्यावरचा प्रार्थनेचा पट्टा नीट केला, गावच्या मुकादमाला जपमाळ सुरू करायला सांगितली, आणि तो एकटा मागे फिरला. समोरून नगारे वाजवीत कप्तान आणि त्याची शिबंदी पाणदरवाज्याकडे चालली होती. डावीकडे, खिंडारासमोर, रायाजीरावांची माणसे ओळीने उभी राहत होती. पहिल्या रांगेत, पांढरे पागोटे घालून, लखमाजी उभा होता. त्याने पाद्रीला पाहून हात वर केला. कैताननेही केला, आणि तो कोटात शिरला.

वेदीमागच्या खोलीतून दगडी पायऱ्या खाली उतरत होत्या. कैतान उतरला आणि पिंपांच्या मध्ये, जमिनीवर ओढलेल्या काळ्या रेघेच्या बाजूला, भिंतीला टेकून बसला.

थोड्या वेळाने हातात जळती वात घेऊन बस्त्याव आला आणि जागच्या जागी थिजला.

"पाद्रीबाबा! तुम्ही बाहेर गेला होता."

"परत आलो."

"कशाला?"

"मी या इगर्जीचा पाद्री आहे. मी कुठे जाणार?"

जाळीपाशी ऐकलेले जाळीबाहेर, सांगणाऱ्यापाशीदेखील काढायचे नाही. म्हणून त्याहून अधिक तो काही बोलू शकत नव्हता. वरून मराठ्यांची नौबत ऐकू येऊ लागली. पावलांनी छताचा चुना झडू लागला.

"उठा," बस्त्याव म्हणाला. "पाया पडतो, उठा इथून."

पाद्री उठला नाही. त्याने डोळेही मिटले नाहीत. तो बस्त्यावकडे नुसता पाहत राहिला, आणि त्या पाहण्यात ना आज्ञा होती ना विनवणी. वर आरोळी उठली. निशाण चढले होते.

बस्त्याव रेघेपाशी वाकला. त्याचा हात खाली गेला, थांबला, पुन्हा खाली गेला. मग त्याच्या तोंडून कण्हल्यासारखा आवाज निघाला आणि त्याने ती वात उजव्या मुठीत दाबून धरली. मांस जळाल्याचा वास आला. मूठ उघडली तेव्हा वात काळी पडली होती. ती तिथेच टाकून तो पायऱ्या चढून धावत सुटला, समुद्राकडच्या बुरुजावर.

कप्तानाचे गलबत खाडीच्या मुखापाशी घुटमळत होते. कोटातून धुराचा लोट उठण्याची गलबताने बराच वेळ वाट पाहिली. मग त्याची शिडे उलगडली आणि ते दक्षिणेला वळले.

कोठाराची मोजदाद करायला उतरलेल्या शिपायांना फुटकी पिंपे दिसली, दारूची रेघ दिसली, विझलेली वात दिसली, आणि त्यांच्यामध्ये बसलेला पाद्री दिसला. त्याला धरून इगर्जीसमोर आणले. रायाजीरावांचा चेहरा काळवंडला होता.

"क्रूसाचे चुंबन घेऊन तुम्ही जामीन राहिलात. आणि आमच्या पायांखाली हे! तुम्हाला ठाऊक होते?"

कैतान गप्प राहिला.

"ही वात कोणी आणली? कोणी विझवली?"

पाद्री गप्पच.

लखमाजी पुढे झाला. "दादा, एक शब्द बोल. ठाऊक नव्हतं म्हण. मी महाराजांच्या पाया पडतो."

ठाऊक नव्हते म्हणणे हे खोटे होते, आणि होते म्हणणे हा जाळीचा भंग होता. कैतानने मान खाली घातली.

"तोफेच्या तोंडी द्या," रायाजीराव म्हणाले.

त्याला तोफेकडे नेत असताना बुरुजाच्या पायऱ्यांवरून बस्त्याव उतरला. त्याला कोणी शोधत नव्हते. गर्दीत मिसळून तो सहज निघून गेला असता. तो सरळ सरदारांपुढे आला आणि त्याने उजवा तळहात उघडून दाखवला.

"वात माझ्या हातात होती, महाराज. कप्तानाचा हुकूम होता. पाद्रीबाबांना मी पापनिवेदनात सांगितलं होतं. ते बोलले तर त्यांचा धर्म बुडाला असता. आता मी सांगतो आहे. तोफेच्या तोंडी मला द्या."

रायाजीराव त्या फोडांनी भरलेल्या तळव्याकडे पाहत राहिले. "हुकूम होता, तर विझवलीस का?"

"ठाऊक नाही."

"तुझे कोणी त्या गलबतावर आहे?"

"बायको आणि मुलगी."

सरदारांनी तत्काळ आपले जलद गलबत पाठलागावर सोडले. कैतानच्या दोऱ्या सोडायला लावल्या, बस्त्यावलाही मोकळे केले. मग ते पाद्रीजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "याने वात विझवली नसती तर माझी माणसे मेली असती, आणि तुम्ही एक शब्द न बोलता त्यांच्याबरोबर मेला असता. तुमचा कायदा मला कळत नाही, पाद्री. कौल दिला आहे तो पाळीन. पण पुन्हा माझ्यासमोर येऊ नका."

लखमाजी शेवटपर्यंत थांबला होता. सगळे पांगल्यावर तो म्हणाला, "मी पहिल्या रांगेत होतो, दादा."

"पाहिलं होतं."

"हात वर केला होता मी."

"मीही केला होता," कैतान म्हणाला.

लखमाजी पाठ फिरवून निघून गेला. पुढे तो आगरवेळच्या बाजूला कधी आला नाही.

पाठलागावर गेलेले गलबत चौल ओलांडून रिकामे परतले. कौल पाळला गेला. इगर्ज उभी राहिली, रविवारी घंटा वाजत राहिली, रयत आपापल्या वाडीत परतली आणि भाताच्या खाचरांना लागली. फिरंग्यांचा अंमल गेला, त्यांचे पाद्री गेले, आणि आजवर दुसऱ्या पायरीवर बसलेला कैतान आता एकटाच साऱ्या किनाऱ्याचे बाप्तिस्मे आणि अंत्यविधी करू लागला. लोक त्याचा हात कपाळाला लावीत. त्या लावण्याचे त्याला काहीच वाटत नसे.

गोव्याकडून येणाऱ्या प्रत्येक गलबताच्या तांडेलाला बस्त्याव बायको-मुलीबद्दल विचारी. एकाने सांगितले, दों जेरोनिमु मोझांबिकला गेला, घरचे नोकरचाकर घेऊन. त्यांत कोणी इनेस होती की नाही, त्याला ठाऊक नव्हते. मग बस्त्यावने विचारणे सोडले. रविवारी तो येई, मागच्या भिंतीपाशी उभा राही, आणि प्रसाद न घेता निघून जाई.

काही वर्षांनी, उपासकाळातल्या एका दुपारी, तो जाळीपाशी आला. फरशीवर त्याचे गुडघे टेकलेले कैतानने ऐकले.

"पाद्रीबाबा, मी ती वात विझवली, ते पाप सांगायला आलोय."

"ते पाप नाही, बस्त्याव."

"मग मला त्याचा पश्चात्ताप का होतो?"

कैतानने उत्तर शोधले. त्याला पोथ्यांतली पुष्कळ वचने येत होती. एकही त्या जाळीपलीकडे पाठवण्याजोगे वाटेना. बाहेर कोणीतरी माशांच्या टोपल्या उतरवीत होते, बायका भावावरून भांडत होत्या. बस्त्याव वाट पाहत होता.

शेवटी पाद्री उठला, जाळीला वळसा घालून पलीकडे आला, आणि त्याच्या शेजारी गुडघे टेकून बसला.