शेवटची चाळीस वाक्यं

आर्वीच्या बसस्टँडवर वर्ध्याची गाडी अजून लागायची होती, आणि जागृतीच्या डोक्यात नुसता जाळ पेटला होता. ऑफिसात ताप आल्याचं सांगून ती इथल्या एका पतसंस्थेत मुलाखत द्यायला आली होती. तिथल्या साहेबानं तिचा पाच वर्षांचा अनुभव दोन मिनिटांत वाचला आणि 'कळवू' म्हणून कागद परत दिला. कळवू म्हणजे नाही, एवढं ज्याला कळत नाही त्यानं नोकरी शोधायला घराबाहेर पडूच नये! वर आणखी पाऊस. नोव्हेंबर लागलेला, कपाशी फुटून शेतं पांढरी झालेली, आणि हा अवकाळी आपला सरीवर सर धरून कोसळतोय.

ती छपराखाली सरकली, तर शेजारी एक तरुण उभा. सावळा, उंच, केसांवर पावसाचे थेंब, आणि हातात... मांजर? छे, केसाळ कव्हर घातलेला माईक! कानावर हेडफोन चढवून तो एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला बोलतं करत होता. म्हातारा बोंडअळीला चार शिव्या घालून गाडी धरायला पळाला, तसं त्यानं जागृतीकडे पाहिलं.

"तुम्ही काही बोलता?"

"कोणत्या चॅनेलचे तुमी?"

तो हसला. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. "कशावरही बोला. फक्त... आपल्या भाषेत बोला."

झालं! जागृतीला तेवढंच निमित्त हवं होतं.

"मंग आमच्या कंपनीची बातमी करा. वर्ध्याले ऑफिस हाये. शेतकऱ्याईचे फोन घेतो आमी, पिकाचं सांगतो. चाळीस जनं होतो, सहा राह्यलो. पुण्याचे मोठे साहेब दर सोमवारी टीव्हीवर येते अन् म्हणते, आपण एक कुटुंब हाओत. अन् दर शुक्रवारी कुटुंबातला एक जन नारळ घेऊन घरी! पहिले म्हणे सल्ला देऊ. मंग म्हणे औषधं विकू. मंग म्हणे कर्ज देऊ. तीन वर्षांत तीन साहेब बदलले, पन कपाशी पाह्यलेला एक बी नाई. पुण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकून राह्यले! मागच्या हप्त्यात नव्या लोगोचे चाळीस टी-शर्ट पाठवले. घालाले सहा जनी! बाकीचे काय बुजगावण्याले घालू?"

तो खळखळून हसला. असा हसला की छपराखालची चार माणसं वळून बघायला लागली, आणि जागृतीलाही उगाच हसू फुटलं.

"नाव काय तुमचं?"

"नाव नका टाकू. हाये थे नोकरी बी जाईन."

"नाही टाकत. कंपनी तरी कोणती?"

"शिवारबोल."

त्याचं हसू एकदम मावळलं. माईकचं बटण बंद करून त्यानं हेडफोन गळ्यात घेतला. "तुमची गाडी लागली," एवढंच म्हणाला. तिनं खिडकीतून पाहिलं, तर तो छपराबाहेर येऊन भिजत उभा. हे काय बाई? एवढा हसला आणि एवढ्यात कंटाळला? वर्धा येईस्तोवर ती चिडचिड करत राहिली, आणि त्यातली निम्मीच पतसंस्थेवर होती.

दुसऱ्या दिवशी टाइल्सच्या दुकानावरच्या त्यांच्या ऑफिसात शाखाप्रमुख प्रफुल्ल सर एका पाहुण्याला घेऊन आले. "हे निकेश, पुण्याच्या ऑफिसातून आलेत. आता फोनवर कॉम्प्युटरसुद्धा उत्तरं देणार, आपल्याच वऱ्हाडीत. तुमचा भार हलका होईल."

जागृतीच्या हातातला पाण्याचा ग्लास अधांतरीच राहिला. तोच तो!

"जागृती, ताप उतरला का गं?" सरांनी विचारलं.

"उ... उतरला, सर."

"जपा हं," निकेश अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. "पावसात भिजलं की ताप उलटतो."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. दुपारी डबा सोडून तिनं त्याला जिन्यात गाठलं.

"थे रेकॉर्डिंग कोठी हाये?"

"पुसलं."

"खरंच?"

"खरंच. माझ्या डोक्यात तेवढं राहिलंय. टी-शर्टांसकट."

"चॅनेलवाला नाई, हे सांगाले काय झालं होतं तुमाले?"

"तुम्ही बोलायच्या थांबल्या असत्या..." तो म्हणाला, आणि जिन्यातल्या भिंतीकडे बघत पुढे म्हणाला, "मशीनसाठी आवाज तुमचा घ्यायचाय. बाकी कोणाचाच नको."

सामानाच्या खोलीला चारी बाजूंनी गाद्या टेकवून स्टुडिओ उभा राहिला. सहा जणींतल्या भागीरथाबाईंनी घरून जुन्या गोधड्या आणून दिल्या. कंपनीच्या पहिल्या दिवसापासून त्या इथं होत्या. नवरा गेल्यापासून घरात कमावत्या एकट्याच. अठराशे वाक्यं घ्यायची होती, बारा दिवसांत. निकेश शेतकरी होऊन प्रश्न वाचायचा, जागृती उत्तर द्यायची. तो मूळचा आर्वीजवळच्या रोहण्याचा. पुण्याच्या आठ वर्षांनी त्याची बोली धुऊन काढली होती, पण दाराच्या चौकटीवर डोकं आपटलं की "मायबाई वो!" बरोबर बाहेर पडायचं.

"माझ्या कपाशीची पानं लाल पडून राह्यली, काय करू?" चौथ्या दिवशी त्यानं वाचलं.

जागृतीनं कागदावर बोट ठेवलं. "अठी 'ताई' लिहेल हाये. ताई, माझ्या कपाशीची पानं."

"असू दे."

"सगळे शेतकरी मले ताईच म्हणते."

"शेतकऱ्यांना म्हणू द्या की." त्यानं हेडफोन सारखा केला. "मी नाही म्हणणार."

त्या बंद खोलीत पंखाही नव्हता. जागृतीच्या कानाच्या पाळ्या तापल्या, आणि लाल पानांसाठी रोज दहा वेळा सांगितलेलं मॅग्नेशियम सल्फेट तिच्या जिभेवर तीनदा अडखळलं.

"पुन्हा एकदा," तो म्हणाला.

मग ते 'पुन्हा एकदा' रोजचंच झालं. कधी म्हणे शेवटी आवाज पडला, कधी म्हणे बाहेर ट्रक वाजला. ट्रक काही तिला ऐकू यायचा नाही. पण समोर बसून तो कान देऊन ऐकायचा ना, डोळे मिटून, तेव्हा तिला वाटायचं, वाजू दे बापडा ट्रक. बाराचे एकवीस दिवस झाले.

बाहेर मात्र जिवाला स्वस्थता नव्हती. पाण्याचे जार बंद झाले. रिकाम्या खुर्च्या एक टेम्पोवाला येऊन घेऊन गेला. मोबाइल वाजला की सहाही जणींचे हात एकदम मोबाइलवर. शुक्रवारी तर कोणाचा डबा पूर्ण संपायचा नाही. प्रफुल्ल सरांना विचारावं तर ते छताकडे बघत म्हणायचे, "वरून काही आलं नाही."

सोमवारी पुण्याचे मोठे साहेब पडद्यावर आले. "काही अवघड निर्णय घ्यावे लागतील..." त्यांनी सुरुवात केली. जागृतीनं माईक सुरू केला. "साहेब, आमच्या सहा जनीच्या नोकऱ्या राह्यतीन का?"

वाक्य पुरं व्हायच्या आत पडद्यावर तिच्या नावापुढे लाल खूण आली. तिचा आवाज पुण्याहून बंद केला होता. "...कारण आपण एक कुटुंब आहोत," साहेब पुढे बोलत राहिले. निम्मा जिल्हा जिचं ऐकून फवारणी करतो, तिला त्यांनी एक प्रश्न पुरा करू दिला नाही. ती उठली आणि गाद्यांच्या खोलीत जाऊन रडली. निकेश दारात आला. "मला तुमच्याशी काही..." म्हणाला, आणि पुढचं गिळलं. नुसता पाण्याचा ग्लास ठेवून गेला.

गुरुवारी प्रफुल्ल सरांनी तिला केबिनमध्ये बोलावून एक कागद पुढे केला. आवाज कंपनीनं कायमचा वापरावा, अशी संमती. "सही कर. तुझी नोकरी पक्की."

"अन् बाकीच्याईची?"

"तू तुझं पाहा ना."

कागद घेऊन ती तडक निकेशकडे गेली. त्यानं वाचला. त्याचा चेहरा उतरला.

"जागृती, चाळीस वाक्यं उरलीत. ती झाली की पाच जणींना काढणार. तुम्हाला सहा महिने ठेवतील, मशीन शिकेपर्यंत. मला माहीत होतं."

"कव्हापासून?"

"बसस्टँडवर तुम्ही कंपनीचं नाव घेतलंत... तेव्हापासून."

"अन् हे पुन्हा एकदा, पुन्हा एकदा?"

"तुमचं एकही वाक्य चुकलं नव्हतं. मी दिवस लांबवत होतो. तुमच्या नोकऱ्यांसाठी... आणि..." त्याला पुढे जाईना. "आणि ही चाळीस झाली, की तुमच्यासमोर बसायला मला कारण उरणार नाही म्हणून."

हेच ऐकायला ती तीन आठवडे आसुसली होती. आणि आलं ते असल्या मुहूर्तावर! तिला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला.

"दिवस लांबवले, पन सांगितलं नाई! आमी दुसरं काही पाह्यलं असतं, भांडलो असतो. भागीरथाबाईनं तुमाले गोधड्या आणून देल्या, त्याईले बी सांगावं नाई वाटलं? साहेबानं मले म्यूट केलं. तुमी सगळ्याईलेच अंधारात ठेवलं. काय फरक हाये त्याईच्यात अन् तुमच्यात?"

निकेशनं कागद घडी करून तिला परत दिला.

जागृती जिन्यात जाऊन बसली. खोटं कशाला बोला, सहीचा मोह तिला झाला. वडील महादेवराव पुलगावच्या दारूगोळा डेपोतून निवृत्त झालेले, भाऊ अजून शिकतोय, आणि पतसंस्थेनं 'कळवू' म्हटलेलं. पेनचं टोपण तिनं दोनदा काढलं, दोनदा लावलं. शेवटी उठली आणि कागद भागीरथाबाईंच्या टेबलावर ठेवून सगळ्यांना वाचून दाखवला.

शेजारच्या टेबलावरच्या सुरभीनं कागद ओढून पुन्हा वाचला. मग भागीरथाबाई म्हणाल्या, "तू सही कर, बाई. आमी तशाबी जाऊनच राह्यलो. एक तरी राह्यन."

त्या एका वाक्यानं जागृतीचं ठरलं. दारात उभ्या निकेशला तिनं विचारलं, "त्या चाळीसात काय काय हाये?"

"नमस्कार. आकडे. तारखा."

"त्याच्याबिगर?"

"मशीन मुकं. आणि सोमवारी पुण्यात ते पैसे गुंतवणाऱ्या मोठ्या लोकांना दाखवायचंय."

"हे सगळं तुमच्या नावानं लिहून देता?"

त्यानं उभ्या उभ्या मेल लिहिला. काय ठरलंय, कधी ठरलंय, कोणाकोणाला काढणार, सगळं. सहाही जणींना पाठवला आणि पुण्यालाही. दहा मिनिटांत त्याचं कंपनीचं खातं बंद झालं. त्यानं लॅपटॉप मिटून प्रफुल्ल सरांच्या हवाली केला.

संध्याकाळी खुद्द मोठ्या साहेबांचा फोन आला. जागृतीनं सांगितलं, सहाही जणींना तीन महिन्यांचा पगार आणि अनुभवाचं पत्र, लेखी, मग आवाज. साहेब कुटुंबावर बोलायला लागले. तिनं फोन टेबलावर ठेवला आणि सुरभीनं केलेला चहा शांतपणे संपवला. साहेबांचं बोलणं चहाआधी संपलं. शनिवारी सकाळी सहा पत्रं आली, आणि सहीही तेव्हाच झाली.

उरलेली चाळीस वाक्यं घ्यायला निकेश आला तो जागृतीनं बोलावलं म्हणून, कोणाचा नोकर म्हणून नाही. माईक त्याचा स्वतःचा होता. दोघं समोरासमोर बसली, वाचली, आणि इकडचं तिकडचं एक अक्षर बोलली नाहीत. चाळिसावं झालं. त्यानं माईक बंद केला.

"आता?" त्यानं विचारलं.

जागृती दारापर्यंत गेली आणि थांबली. "उद्या घरी येजा. पुलगावले. बाबा विचारतीन, काय करता म्हणून. तुमी काय सांगता, थे मले ऐकाचं हाये."

रविवारी तो आला. अंगात इस्त्रीचा शर्ट. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली खुर्चीत महादेवराव. स्वयंपाकघराच्या दारामागे जागृती ट्रे धरून उभी, चहा निवत चाललेला. बोल, ती मनात म्हणत होती. पुण्यात असतो म्हणून सुटू नको. गप्प तर मुळीच राहू नको. नाहीतर मी हा चहा घेऊन बाहेर येणारच नाही.

"तं मंग, काय करता?" महादेवरावांनी विचारलं.

"सध्या काहीच नाई, काका." बोली रोहण्याची होती. "कंपनीनं काढलं. अन् त्याच्या आंधी, ह्याईच्या नोकऱ्या जाऊन राह्यल्या हे मले माहीत होतं, तरी तीन हप्ते गप्प बसलो. तुमची पोरगी रागावली माह्यावर. बराबर रागावली."

महादेवरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मंग अठी कायले आले?"

"जीव जडला तिच्यावर. थे बी तीन हप्ते नाई बोललो. आता काहीच लपवून नाई ठेवाचं."

महादेवरावांनी त्याला एकदा आपादमस्तक न्याहाळलं. मग दाराकडे तोंड करून म्हणाले, "जागृती! काम ना धंदा, अन् सोताची चुगली सोताच करून राह्यला. काय करू ह्या मानसाचं?"

कप खळखळवत ती बाहेर आली. निकेशकडे तिनं पाहिलं नाही; पाहिलं असतं तर बोलता आलं नसतं. ट्रे टेबलावर ठेवला आणि स्वच्छ आवाजात, वडिलांसमोर, म्हणाली,

"ठेवून घ्या, बाबा. मले पाह्यजे."